एका चकतीचे चार महिने

सिलिकॉनची 300 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जवळपास जेवणाच्या ताटाएवढी एक पातळ चकती, जिला उद्योगात ‘वेफर’ म्हणतात, ती चिपच्या कारखान्यात शिरल्यापासून तिच्यावरच्या शेकडो चिप पूर्ण होऊन बाहेर पडेपर्यंत साधारणपणे तीन ते चार महिने जातात. या काळात तिच्यावर थर चढवणे, प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटवणे, नको असलेला भाग कोरून काढणे, धुणे आणि पुन्हा तपासणे अशा शेकडो क्रिया एकामागून एक होतात आणि कितीही पैसे मोजले तरी त्यांचा क्रम बदलता येत नाही किंवा मधली एखादी गाळताही येत नाही. त्यानंतर चकती कापून एकेक चिप वेगळी करणे, तिला तारा व कवच बसवणे आणि तिची चाचणी घेणे हे काम बहुधा दुसऱ्याच देशात होते व त्याला आणखी काही आठवडे लागतात. कारखानाच नवा उभारायचा तर किमान दोन ते तीन वर्षे जातात आणि अद्ययावत कारखान्याचा खर्च 1,000 कोटी डॉलरच्या पुढे जातो. मोटारीच्या कारखान्याचा कारभार याच्या अगदी उलट चालतो. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी घडवलेली आणि पुढे जगभर पसरलेली ‘जस्ट इन टाइम’ पद्धत, म्हणजे लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच माल मागवण्याची शिस्त, आठवड्याच्या आणि कित्येकदा दिवसाच्या मापाने चालते. सुट्या भागांचा साठा म्हणजे अडकलेला पैसा, ही त्या शिस्तीमागची धारणा आहे. चार महिन्यांच्या चकतीची आणि एका आठवड्याच्या शेड्यूलची गाठ 2020 साली पडली आणि पुढची तीन वर्षे जगातील उद्योगांनी आणि गुंतवणूकदारांनी तिचे परिणाम भोगले.

मार्च 2020 नंतर टाळेबंदीमुळे मोटारींची विक्री कोसळली, तेव्हा वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, जे त्यांच्या शिस्तीला धरूनच होते. परंतु त्याच महिन्यांत घरून काम करणाऱ्यांना लॅपटॉप, ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना टॅब आणि घरात अडकलेल्या कुटुंबांना दूरचित्रवाणी संच हवे होते. शिवाय अमेरिकेचे निर्बंध सप्टेंबर 2020 मध्ये पूर्णपणे लागू होण्यापूर्वी ह्वावे या चिनी कंपनीने चिपचा मोठा साठा करून ठेवला. रिकामी झालेली जागा अशा प्रकारे भरली गेली. वर्षाअखेरीस मोटारींची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली आणि वाहन कंपन्या पुन्हा चिप उत्पादकांच्या दारात आल्या, तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. या रांगेचा विचार केल्याशिवाय टंचाईचे अर्थकारण उलगडत नाही. पाठ्यपुस्तकानुसार टंचाईत किंमत वाढते आणि जो जास्त मोजतो त्याला माल मिळतो. येथे किंमत वाढली हे खरे, पण माल मिळाला तो ज्याचा करार जुना, खरेदी मोठी आणि नाते थेट होते त्याला, आणि उरलेल्यांच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा आली.

वाहन उद्योगाचे नाते थेट नव्हते. मोटार कंपनी ब्रेक किंवा इंजिन नियंत्रणाचा तयार संच बॉश, कॉन्टिनेंटल यांसारख्या पुरवठादारांकडून घेते, ते रेनेसास, एनएक्सपी किंवा इन्फिनिऑनकडून चिप घेतात आणि या कंपन्या पुन्हा आपल्या चिपचा मोठा भाग तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेतात. मॉरिस चँग यांनी 1987 मध्ये स्थापन केलेली टीएसएमसी ही ‘फाउंड्री’ आहे, म्हणजे ती स्वतःच्या नावाची चिप विकत नाही, तर इतरांनी आखलेली चिप त्यांच्यासाठी घडवून देते. 2020 मध्ये तिच्या उत्पन्नातील जवळपास निम्मा वाटा स्मार्टफोनच्या चिपचा होता आणि वाहनांच्या चिपचा जेमतेम 3 टक्के. जगाच्या रस्त्यांवर सत्ता गाजवणाऱ्या मोटार कंपन्या या कारखान्याच्या दृष्टीने किरकोळ गिऱ्हाईक होत्या आणि ही गोष्ट त्यांच्यातील अनेकांना टंचाई आल्यावरच उमगली.

अडचण आणखी एका पदराने गुंतागुंतीची झाली. खिडकीची काच, एअरबॅग, ब्रेक, इंधनाचे मापन अशा कामांसाठी मोटारीला हजाराहून अधिक चिप लागतात. त्यांतल्या बहुसंख्य जुन्या तंत्राच्या, म्हणजे 40 नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेघांच्या असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग आणि रेघ जितकी बारीक तितकी चिप अद्ययावत, असा साधारण संकेत आहे. या जुन्या चिपची किंमत काही डॉलर, कधी एका डॉलरहूनही कमी असते. ज्या कारखान्यांत त्या बनतात त्यांच्या यंत्रांचा भांडवली खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, म्हणून तर त्या इतक्या स्वस्त विकता येतात. नवा कारखाना उभारून तीच चिप बनवायची तर त्या किमतीत खर्च भरून निघत नाही. त्यामुळे सर्वाधिक तुटवडा ज्या वस्तूचा होता, नेमके तिच्यात पैसा घालायला कोणी उत्सुक नव्हते आणि गुंतवणुकीचा ओघ अद्ययावत चिपकडेच वाहत राहिला.

या ताणलेल्या साखळीवर 2021 मध्ये एकामागून एक आघात झाले. फेब्रुवारीत टेक्सासमधील हिमवादळात वीज गेल्याने ऑस्टिन येथील सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑन यांचे कारखाने थांबले आणि सॅमसंगला पूर्ववत होण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. 19 मार्च रोजी जपानमधील नाका येथे रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. जगातील वाहन-चिपच्या प्रमुख उत्पादकांपैकी एकाचा तो मुख्य कारखाना असल्याने तेथील पुरवठा जुलैपर्यंत पूर्वपदावर आला नाही. वर्षाच्या मध्यावर कोरोनाच्या डेल्टा लाटेने मलेशिया बंद पडला. कापणी, कवच आणि चाचणी या अखेरच्या टप्प्यांचा जगातील सुमारे 13 टक्के भाग त्या देशात होतो, त्यामुळे तयार चकत्या असूनही चिप मिळेनात.

तैवानमधील दुष्काळाची हकीकत मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. 2020 मध्ये एकही वादळ बेटावर धडकले नाही, त्यामुळे पुरेसा पाऊस झाला नाही आणि 2021 च्या वसंतात तैवानला अर्धशतकाहून अधिक काळातील सर्वांत तीव्र दुष्काळाला तोंड द्यावे लागले. चकती धुण्यासाठी अतिशुद्ध पाणी अखंड लागते. टीएसएमसीने टँकरने पाणी आणले, सरकारने कारखान्यांच्या पाण्यात थोडी कपात केली, परंतु मुख्य भार शेतीवर टाकला आणि सुमारे 74,000 हेक्टर जमिनीचे सिंचन थांबवून शेतकऱ्यांना भातशेती न करण्याबद्दल भरपाई दिली. धरणातील पाणी आधी कोणाला, शेताला की कारखान्याला, हा प्रश्न मराठवाड्यात दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या रूपांत उभा राहतो. तैवानने त्याचे दिलेले उत्तर आर्थिक हिशेबाने बिनचूक होते, कारण एका हेक्टरच्या भातापेक्षा एका दिवसाच्या चकत्यांचे मोल किती तरी अधिक. भरपाईने शेतकऱ्याचा हंगामही भरून निघाला असेल, परंतु स्वतःच्या शिवारातील पाण्याच्या रांगेत आपण मागे ढकलले गेलो, हे दुःख त्या रकमेत मोजलेले नव्हते आणि जगभरच्या चिपच्या चर्चेत त्याला क्वचितच स्थान मिळाले.

एकूण हानीचे आकडे प्रचंड होते. ॲलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेच्या सप्टेंबर 2021 मधील अंदाजानुसार त्या एका वर्षात जगात 77 लाख वाहने बनू शकली नाहीत आणि उद्योगाचा 21,000 कोटी डॉलरचा महसूल बुडाला. ॲपलसारख्या रांगेत सर्वांत पुढे असलेल्या कंपनीनेही 2021 च्या एका तिमाहीत पुरवठ्याच्या अडचणींमुळे सुमारे 600 कोटी डॉलरची विक्री गमावली. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जानेवारी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, महत्त्वाच्या चिपचा खरेदीदारांकडील साठा 2019 मध्ये मध्यकानुसार 40 दिवसांचा होता, तो 2021 मध्ये 5 दिवसांहूनही कमी उरला होता. पाच दिवसांचा साठा म्हणजे मलेशियातील एका कारखान्याने दोन आठवडे दार लावले की अमेरिकेतील जुळणीची लाइन थांबणार.

या काळात टोयोटाने बराच काळ तग धरला, हे लक्षणीय आहे. 2011 च्या भूकंपात आणि त्सुनामीत रेनेसासचा हाच नाका कारखाना बंद पडला होता, त्यातून शिकून टोयोटाने आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील एवढ्या चिप राखायला लावल्या होत्या. साठा नको असे जगाला शिकवणाऱ्या कंपनीने चिपपुरता तो नियम स्वतःहून बाजूला ठेवला होता, कारण कोणती वस्तू आठवड्यात मिळते आणि कोणती मिळत नाही हा फरक तिने ओळखला होता. जस्ट इन टाइमची नक्कल करणाऱ्या बहुतेकांनी केवळ साठा कमी करण्याचा भाग उचलला. 2021 मध्ये टोयोटाने अमेरिकेत जनरल मोटर्सहून अधिक वाहने विकली आणि त्या बाजारात जनरल मोटर्सचा 1931 पासूनचा पहिला क्रमांक गेला, यात या दूरदृष्टीचा वाटा मोठा आहे. तरीही सप्टेंबर 2021 मध्ये टोयोटालाही जागतिक उत्पादन 40 टक्क्यांनी घटवावे लागले. टेस्लाने वेगळा मार्ग घेतला. तिचे अभियंते स्वतःच चिपमधील आज्ञावली लिहीत असल्याने मिळेल ती पर्यायी चिप बसवून त्यांनी आज्ञावली नव्याने लिहिली आणि त्याच वर्षी कंपनीने 9 लाख 36 हजार वाहने ग्राहकांना दिली, ही आधीच्या वर्षाहून 87 टक्क्यांनी वाढ होती.

महाराष्ट्रात या टंचाईचा खरा चेहरा चाकण, भोसरी, वाळूज या पट्ट्यांत दिसला. सप्टेंबर 2021 मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे आणि त्या महिन्यात 20 ते 25 टक्के कमी वाहने बनवण्याचे जाहीर केले. मारुती सुझुकीने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या अभावी सुमारे 1 लाख 16 हजार वाहने बनवता आली नाहीत असे सांगितले, तेव्हा तिच्याकडे दोन लाखांहून अधिक ग्राहकांच्या मागण्या पडून होत्या. रिलायन्सने गणेश चतुर्थीला बाजारात आणायचा ठरवलेला जिओफोन नेक्स्ट याच कारणाने दिवाळीपर्यंत लांबला. वाहन विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने 2021 चा सणासुदीचा हंगाम दशकातील सर्वांत वाईट ठरवला.

मात्र मोठ्या कंपनीने जाहीर केलेला ‘नो प्रॉडक्शन डे’ आणि तिच्या व्हेंडरच्या शेडमधील बंद दिवस यांत फार अंतर आहे. एका मोटारीत पत्रा दाबून केलेले भाग, फोर्जिंग, रबरी सील, सीटचा फोम, वायरिंग हार्नेस असे हजारो भाग असतात आणि त्यांतले बहुसंख्य लहान-मध्यम उद्योग बनवतात. त्यांच्या मालात चिप नसते, त्यांच्याकडे कच्चा माल आणि माणसे तयार असतात, तरीही शेवटच्या लाइनवर दोन-चार डॉलरची चिप नाही म्हणून त्यांचे शेड्यूल अचानक कमी होते. 2021 मध्ये पोलादाचे भाव चढलेले होते. चढ्या भावाने घेतलेला पत्रा शेडमध्ये पडून राहतो, तयार मालाचे डिस्पॅच होत नाही, बँकेच्या कॅश क्रेडिटवरचे व्याज मात्र चालू राहते. मोठ्या कंपनीतील कायम कामगाराचे वेतन करारानुसार बरेचसे सांभाळले जाते, कंत्राटी कामगाराची मात्र काम नसेल त्या दिवशी हजेरीच लागत नाही. बुलढाण्याहून, बीडहून, बिहारहून येऊन चाकणच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणाऱ्या या तरुणांनी तैवानमधील हसिंचू किंवा जपानमधील नाका ही नावे ऐकलेलीही नसतील, पण तेथील घटनांचा भार त्यांच्या महिन्याच्या पगारावर पडला आणि तो कोणत्याही कंपनीच्या तिमाही ताळेबंदात स्वतंत्रपणे नोंदला गेला नाही. टंचाईचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळणे अन्यायाचे ठरेल.

ज्या कंपन्यांकडे चिप थोड्या होत्या त्यांनी त्या महागड्या, जास्त नफ्याच्या वाहनांत आधी बसवल्या आणि सवलती बंद केल्या. परिणामी जनरल मोटर्सने 2021 मध्ये कमी वाहने विकूनही व्याज व करापूर्वीचा विक्रमी समायोजित नफा, 1,430 कोटी डॉलर, मिळवला. किंमत मोजली ती ग्राहकाने: जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत जुन्या मोटारींचे दर वर्षभरात 40 टक्क्यांनी वाढलेले होते.

आता गुंतवणूकदाराकडे वळता येईल, पण त्याआधी मागणीच्या फुगवट्याचे एक तत्त्व समजून घेतले पाहिजे. पुरवठ्याच्या साखळीत ग्राहकाजवळ झालेला लहानसा बदल मागे सरकताना प्रत्येक टप्प्यावर मोठा होत जातो, जसा आसूड मुठीशी किंचित हलवला तरी टोकाला जोराने फटकारतो. म्हणूनच याला ‘बुलव्हिप’ किंवा आसूड-परिणाम म्हणतात आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी 1961 मधील ग्रंथात त्याची मांडणी केली. हजार चिप हव्या असणाऱ्या कंपनीला पाचशेच मिळणार अशी शंका आली, की ती तीन ठिकाणी हजार-हजार मागते. उत्पादकाला तीन हजारांची मागणी दिसते. 2021 मध्ये टीएसएमसीचे तत्कालीन अध्यक्ष मार्क लिऊ यांनीच सांगितले होते की, कारखान्यांत जाणाऱ्या चिप तयार वस्तूंतून बाहेर येणाऱ्या चिपहून अधिक आहेत, म्हणजे साखळीत कोठेतरी साठा होतो आहे. ग्राहकाच्या टोकालाही असेच दिसले: चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 ची नोंदणी 7 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाली तेव्हा 57 मिनिटांत 25,000 मागण्या आल्या आणि स्कॉर्पिओ-एनला 30 जुलै 2022 रोजी अर्ध्या तासात एक लाख. या वाहनांची लोकप्रियता निर्विवाद होती, तथापि वर्षभर थांबावे लागणार हे ठाऊक असलेला आणि परत मिळू शकणारी अल्प रक्कम भरणारा ग्राहकही रांगेत जागा धरूनच ठेवत होता.

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळीकडे कांदा लागतो आणि तो काढणीला येईपर्यंत भाव कोसळलेला असतो, हे नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. चिपचे चक्र याच जातीचे आहे, फक्त कांद्याला चार महिने लागतात आणि कारखान्याला तीन वर्षे. जो गुंतवणूकदार टंचाईच्या बातम्यांवरून चिपचे शेअर घेतो, तो चढ्या भावाकडे पाहून लागवड करणाऱ्यासारखा असतो. अमेरिकेतील प्रमुख चिप कंपन्यांचा फिलाडेल्फिया सेमीकंडक्टर निर्देशांक 2021 मध्ये सुमारे 40 टक्के वाढला आणि डिसेंबर 2021 च्या अखेरीस शिखरावर पोहोचला. मागणी नोंदवल्यापासून चिप हाती येण्याचा सरासरी काळ, ज्याला ‘लीड टाइम’ म्हणतात, तो मात्र सुस्क्वेहाना या वित्तसंस्थेच्या मोजणीनुसार 2022 च्या वसंतात सर्वाधिक, सुमारे 27 आठवडे झाला. म्हणजे टंचाई सर्वांत तीव्र दिसत होती तेव्हा शेअर बाजार उतरणीला लागलेला होता आणि 2022 अखेर निर्देशांकाने एक तृतीयांशाहून अधिक मूल्य गमावले. व्याजदरांची वाढ हे त्याचे एक कारण होतेच, पण फुगलेल्या मागण्या रद्द होणार हेही जाणत्यांना दिसू लागले होते.

त्या प्रथम रद्द झाल्या स्मृती-चिपच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या मेमरीच्या, बाजारात. मायक्रॉनला 2023 च्या आर्थिक वर्षात 580 कोटी डॉलरचा तोटा झाला आणि सॅमसंगने एप्रिल 2023 मध्ये उत्पादन घटवण्याची घोषणा केली. वाहनांच्या चिपचा तुटवडा त्या वेळी पुरता संपलेलाही नव्हता, कारण एका प्रकारची चिप दुसऱ्या प्रकारच्या जागी चालत नाही. ‘चिपची टंचाई’ हा शब्दप्रयोग एकवचनी असला तरी वस्तुतः त्या अनेक टंचाया होत्या, आणि त्यांना एकच समजून पैसा गुंतवणारे फसले. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने 2022 च्या तिसऱ्या तिमाहीत 400 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे टीएसएमसीचे शेअर घेतले आणि पुढच्याच तिमाहीत त्यांतील सुमारे 86 टक्के विकले. कंपनी उत्तम आहे, तिचे भौगोलिक स्थान चिंतेचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढील अडीच वर्षांत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीमुळे, तोच शेअर दुपटीहून अधिक झाला. पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारांना हा विषय टाटा मोटर्सच्या शेअरमधून भेटला: जुलै 2021 मध्ये तिच्या जग्वार लँड रोव्हरने पुढील तिमाहीत घाऊक विक्री नियोजनाच्या निम्म्यावर येईल असा इशारा देताच शेअर एका दिवसात जोराने घसरला. त्याहून अधिक चिंताजनक प्रकार पुढे घडला. नावात ‘सेमीकंडक्टर’ शब्द असलेल्या, मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या एका छोट्या कंपनीचा शेअर 2025 अखेरपर्यंतच्या वीस महिन्यांत पाचशे पटींहून अधिक चढला, वास्तविक तिने स्वतःच आपण चिपनिर्मिती सुरूच केलेली नाही असे बाजाराला कळवले होते. अशा शेअरमध्ये अखेरीस अडकतो तो आयुष्याची बचत घेऊन उशिरा आलेला माणूस, आणि त्याला वेळीच सावध करणे हे नियामकांचे व माध्यमांचे कर्तव्य आहे.

सरकारांनी या धक्क्यानंतर तिजोऱ्या उघडल्या. अमेरिकेने ऑगस्ट 2022 मध्ये 5,270 कोटी डॉलरचा कायदा केला, युरोपनेही आपला केला, आणि भारताने डिसेंबर 2021 मध्येच 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. तळेगावला येईल अशी चर्चा असलेला वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर 2022 मध्ये गुजरातकडे गेल्यावर महाराष्ट्रात मोठा राजकीय गदारोळ झाला, परंतु जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतले आणि तो प्रकल्प कोठेच उभा राहिला नाही. त्या वादात प्रकल्पाकडे तंत्रज्ञान कोणाचे असेल हा मूळ प्रश्न फारसा विचारला गेला नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

टंचाई त्यानंतर दोन नव्या रूपांत परतली आहे. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस नेदरलँड्सच्या सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या कंपनीच्या कारभारावर नियंत्रण घेतले, तेव्हा चीनने आपल्या देशात कवच चढवलेल्या तिच्या चिपची निर्यात रोखली. नेक्सपेरियाचे डायोड व ट्रान्झिस्टर हे विजेचा प्रवाह वळवणारे वा चालू-बंद करणारे अगदी साधे भाग आहेत, त्यांची किंमत काही पैशांत किंवा रुपयांत असते, तरीही होंडाला मेक्सिकोतील कारखाना थांबवावा लागला. दुसरे रूप मेमरीचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांना ‘हाय बँडविड्थ मेमरी’ लागते, जिच्यात स्मृती-चिपचे थर एकावर एक रचलेले असतात. तेवढीच माहिती साठवण्यासाठी ती साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट चकत्या खाते आणि जगात ती बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या तीनच आहेत: एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, कारण त्याच चकत्यांना मोठे आणि कराराने बांधलेले गिऱ्हाईक मिळाले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून संगणक विकणाऱ्या दुकानदाराकडे असा करार नसतो, आणि त्याच्याकडे महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीसाठी संगणक घ्यायला आलेल्या बापाकडे तर तो असण्याचा प्रश्नच येत नाही.